ब्रॉडवेचं आयत्या वेळचं तिकीट: कुठली रांग, किती वाजता आणि कशी

उन्हाळ्यात भारतातून आई-वडील किंवा सासू-सासरे न्यू जर्सीत आले की एखाद्या शनिवारी न्यूयॉर्कला जाऊन ब्रॉडवेचं नाटक बघायचा बेत ठरतो. ठरतो मात्र शुक्रवारी रात्री. ऑनलाइन बघावं तर गाजणाऱ्या म्युझिकलची (संगीत नाटकाची) बरी तिकिटं माणशी दोनशे डॉलरच्या आसपास किंवा त्याहूनही वर. मग कोणीतरी सांगतं, "अहो, सकाळी जाऊन रांगेत उभं राहायचं, स्वस्तात मिळतात." चौघं जण टाइम्स स्क्वेअर गाठतात आणि जी पहिली रांग दिसते तिच्यात उभे राहतात. दीड तासाने खिडकीशी पोचल्यावर कळतं, की हवं ते नाटक या खिडकीवर विकतच नाहीत.

माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी गेली काही वर्षं या रांगांमध्ये घेऊन जाते आहे. काही वेळा तिकीट मिळालं, काही वेळा हात हलवत परत आलो. बहुतेक चुका रांगेत शिरण्याआधीच झालेल्या असतात, म्हणून या लेखातला निम्मा भाग तयारीवर आहे. तो वाचायचा कंटाळा करू नका.

टप्पा १: आपली रांग कोणती ते ठरवा

"आयत्या वेळचं तिकीट" या एका नावाखाली ब्रॉडवेवर पाच वेगवेगळे प्रकार येतात. प्रत्येकाची जागा, वेळ आणि किंमत निराळी असते.

रश: त्याच दिवसाच्या प्रयोगाची थोडी तिकिटं थिएटरच्या स्वतःच्या खिडकीवर, सकाळी खिडकी उघडल्यावर, जो आधी येईल त्याला. खिडकी साधारण सोमवार ते शनिवार सकाळी १० ला आणि रविवारी दुपारी १२ ला उघडते. दर बहुधा ३० ते ५० डॉलर. एका माणसाला दोनच तिकिटं. काही नाटकांचं रश फक्त विद्यार्थ्यांसाठी असतं आणि तिथे चालू मुदतीचं कॉलेजचं ओळखपत्र दाखवावं लागतं. काही नाटकांचं रश ॲपवर, सकाळी ठरलेल्या मिनिटाला सुरू होतं. अशा नाटकासाठी थिएटरबाहेर उभं राहण्यात अर्थच नाही.

स्टँडिंग रूम: प्रयोग हाऊसफुल्ल झाला, तरच निघणारी तिकिटं. तळमजल्याच्या शेवटच्या रांगेमागे कठड्याला टेकून उभं राहायचं आणि तसंच अख्खं नाटक बघायचं. जागेला नंबर असतो, त्यामुळे ढकलाढकली नसते. रंगमंच छान दिसतो, पण अडीच तास बसायला मिळत नाही.

लॉटरी: ही रांग नाही, पण रांगेच्या बेतात हिला धरायलाच हवं. बहुतेक मोठ्या नाटकांची लॉटरी आता ऑनलाइन असते. 'हॅमिल्टन'ची तिकिटं लॉटरीत १० डॉलरला मिळतात. नाटकाचं नावच दहा डॉलरच्या नोटेवर छापलेल्या माणसाचं आहे, म्हणून तो दर. ती लॉटरी पुढच्या अख्ख्या आठवड्यासाठी एकदम भरतात. इतर बऱ्याच नाटकांची आदल्या दिवशी भरायची असते.

टीकेटीएस: टाइम्स स्क्वेअरमध्ये ४७ व्या रस्त्यावर, लाल पायऱ्यांच्या खाली असलेल्या खिडक्या. इथे अनेक नाटकांची तिकिटं २० ते ५० टक्के सवलतीत मिळतात, वर प्रत्येक तिकिटामागे थोडा आकार. ज्यांची तिकिटं उरलेली असतात तीच नाटकं इथे येतात, त्यामुळे सगळ्यात जास्त मागणी असलेलं म्युझिकल इथे क्वचितच सापडतं.

कॅन्सलेशन: हाऊसफुल्ल नाटकाच्या खिडकीबाहेर संध्याकाळी लागणारी रांग. परत आलेली किंवा राखून ठेवलेली आणि न वापरलेली तिकिटं इथे सुटतात. सावधान: ही पूर्ण किमतीची असतात, कधीकधी सर्वांत महाग जागांचीच. स्वस्त तिकिटासाठी ही रांग लावणारे लोक खिडकीवर आकडा ऐकून मागे फिरतात आणि तोवर दिवस संपलेला असतो.

आता निवड. विशिष्ट नाटक हवं आणि खिसा हलका असेल तर लॉटरी आणि रश. नाटक कुठलंही चालेल, पण ज्येष्ठ मंडळी सोबत आहेत, तर टीकेटीएस. विशिष्ट नाटकच हवं आणि पैशांची फार अडचण नाही, तर कॅन्सलेशन. गुडघे दुखणाऱ्या माणसाला स्टँडिंग रूममध्ये नेऊ नका, तो "मला चालेल" म्हणाला तरी. आपली माणसं यजमानाला त्रास नको म्हणून हमखास असं म्हणतात.

टप्पा २: वार आणि नाटक

ब्रॉडवेवर एका नाटकाचे आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात. बहुतेकांना सोमवारी सुट्टी. दुपारचे प्रयोग बुधवारी, शनिवारी, रविवारी. तिकीट मिळण्याच्या दृष्टीने मंगळवार, बुधवार आणि गुरुवार चांगले, शनिवार सगळ्यात वाईट. मुलांची सुट्टी आणि आपली रजा शनिवारीच जुळते हे मला कळतं, पण बाबांना मंगळवारी काय आणि शनिवारी काय, सारखंच. पाहुण्यांसाठी जायचं असेल तर एक दिवस रजा काढा. शनिवारच्या चार तासांच्या रांगेपेक्षा ती स्वस्त पडते.

वर्षातले दिवसही बघा. नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात रश बऱ्याचदा बंद असतं आणि तिकिटांचे दर चढलेले असतात. उलट जानेवारी-फेब्रुवारीत मागणी घसरते. त्याच दिवसांत आणि सप्टेंबरमध्ये एकावर एक तिकीट देणारी योजनाही येते. तिच्यात रांगच लागत नाही. थंडीत पाहुणे आले असतील तर आधी ती बघा.

नाटक एकच ठरवू नका. तीन नावं क्रमाने लिहून काढा, आणि ती थिएटरं एकमेकांजवळ आहेत का ते बघा. 'हॅमिल्टन'चं रिचर्ड रॉजर्स ४६ व्या रस्त्यावर आहे, 'द लायन किंग'चं मिन्सकॉफ ४५ व्यावर, 'द बुक ऑफ मॉर्मन'चं यूजीन ओनील ४९ व्यावर आणि 'विकेड'चं गर्शविन ५१ व्यावर. या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा मिनिटांची चाल. एका ठिकाणी रांग फार लांब दिसली तर दुसरीकडे वेळेत पोचता येतं, पण दुसरं नाव आधीच ठरलेलं असेल तरच. फुटपाथवर उभं राहून फोनवर शोधायला लागलात की ती दहा मिनिटं गेली.

टप्पा ३: आदल्या दिवशी करायची कामं

१. त्या नाटकाचं धोरण वाचा. रश, लॉटरी, स्टँडिंग रूम यांचे नियम प्रत्येक नाटकाचे वेगळे असतात आणि बदलत राहतात. 'प्लेबिल' या ब्रॉडवेविषयीच्या मासिकाच्या संकेतस्थळावर सगळ्या नाटकांची यादी एकत्र मिळते. ती बघा आणि मग नाटकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळा. मागच्या वर्षी नणंदेला असंच मिळालं होतं, या माहितीवर विसंबून घराबाहेर पडू नका.

२. लॉटरी भरा. घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाने आपापल्या नावाने, आपापल्या ईमेलवरून. एकाच माणसाने दोनदा भरली तर नाव बाद होऊ शकतं. इथे आपल्या लोकांची एक खास अडचण येते. पासपोर्टवर नाव, मधलं नाव आणि आडनाव असं सगळं असतं, कधी आडनाव आधी असतं, आणि लॉटरीत आपण घाईने हाकमारीचं नाव टाकतो. तिकीट घेताना फोटो असलेलं ओळखपत्र मागतात आणि नाव जुळावं लागतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच भरा.

३. कार्ड तपासा. लॉटरी लागली की पैसे भरायला बहुतेक ठिकाणी एकच तास मिळतो. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमध्ये जाऊन सुरू करावे लागतात, आणि ओटीपी आला तर तो भारतातल्या नंबरवर येणार. त्या नंबरचं सिम बाबांच्या घरच्या फोनमध्ये पुण्यात राहिलेलं असतं. त्यामुळे इथलं कार्ड असलेला माणूस त्या तासात मोकळा हवा, मीटिंगमध्ये नको.

४. माणसं मोजा. या कामात सगळ्यात जास्त चुका होतात. एका माणसाला दोन तिकिटं, हा नियम खिडकीवर वाकत नाही. आपण चौघं असू तर रांगेत दोघांनी उभं राहायचं. "मी एकटी उभी राहते, तुम्ही आरामात या" असं म्हणून मीच एकदा पहाटे गेले होते. खिडकीवर दोन तिकिटं हातात मिळाली आणि उरलेल्या दोघांचं काय करायचं, हा प्रश्न तिथेच सोडवावा लागला. आई आणि मामी आत गेल्या, मी आणि मामा कॉफी पीत बसलो. त्यांनी नाटक पाहिलं याचा आनंद झाला, पण मामांना ते बघायचं होतं हे मला माहीत होतं.

लहान मूल असेल तर तेही धरा. मांडीवर बसवून नेता येत नाही, प्रत्येक डोक्याला तिकीट लागतं आणि साधारण चार वर्षांखालच्या मुलांना आत घेतच नाहीत.

५. पिशवी भरा, आणि लहानच भरा. थिएटरच्या दारात पिशव्या तपासतात, मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत. फोटो ओळखपत्र, कार्ड, थोडी रोख, पाण्याची बाटली, चार्जर आणि खायला कोरडं काहीतरी. धपाटे किंवा गुळाच्या पोळीसारखं, एका हाताने खाता येईल असं. थंडीत पायात दोन मोजे घाला. फुटपाथचा गारवा तळव्यातून वर चढतो, नुसत्या जाड जॅकेटने भागत नाही.

*घरातून निघण्यापूर्वी तपासा:* खिडकी किती वाजता उघडते? आज नक्की प्रयोग आहे ना? रश खिडकीवर आहे की ॲपवर? रांगेत उभी राहणारी माणसं तिकिटांच्या निम्मी तरी आहेत ना? परतीची गाडी कुठली?

टप्पा ४: सकाळची रांग

एडिसन, मेट्रोपार्क भागातून येणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरून चालत जावं. ४५ व्या-४६ व्या रस्त्यापर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात. बसने आलात तर ४२ व्या रस्त्यावरच्या पोर्ट ऑथॉरिटीहून पाच-सात मिनिटं. गाडी घेऊन येण्याच्या फंदात पडू नका. पार्किंगमध्येच रशची बचत जाते.

किती वाजता पोचायचं? माझा अनुभव असा: गाजणारं म्युझिकल, उन्हाळा आणि शनिवार असेल तर सहा-साडेसहा. तेच नाटक मंगळवारी असेल तर आठ. जुनं झालेलं, स्थिरावलेलं नाटक आणि जानेवारी असेल तर नऊलाही जमतं. नुकतं पारितोषिक मिळालेल्या नाटकासाठी पहाटेच्या अंधारातही लोक असतात. जूनमध्ये ब्रॉडवेचे टोनी पुरस्कार जाहीर झाल्यावर पुढच्या एक-दोन आठवड्यांत तर रश सोडूनच द्या.

पोचल्यावर पहिलं काम रांगेत उभं राहण्याचं नाही. पुढच्या माणसाला विचारा: "इज धिस द रश लाइन? फॉर विच शो?" ४५ व्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना थिएटरं आहेत आणि रांगा एकमेकींत मिसळतात. कुठे नाश्त्याच्या दुकानाचीही रांग असते. हे विचारायला संकोच वाटतो, पण न विचारल्यामुळे शेजारच्या थिएटरच्या रांगेत तासभर उभं राहिलेलं कुटुंब मी पाहिलं आहे.

दुसरं काम: मोजा. रशची नेमकी किती तिकिटं निघणार हे रोज बदलतं, पण गणित करता येतं. समजा २४ तिकिटं आहेत. प्रत्येक जण दोन घेणार असं धरलं तर बाराव्या माणसापाशी ती संपली. तुमच्यापुढे पंधरा जण असतील तर आशा कमी. दाराशी थिएटरचा माणूस दिसला तर त्याला साधारण किती निघतात ते विचारा, बहुतेक जण सरळ सांगतात. आकडा जुळत नसेल तर लगेच यादीतल्या दुसऱ्या नाटकाकडे चला. "आता एवढं थांबलोच आहोत तर" म्हणून थांबण्याने दोन्ही हातचं जातं.

रांगेतले नियम कुठेही लिहिलेले नसतात, पण कडक असतात. मागेपुढे सांगून स्वच्छतागृहात जाऊन येणं चालतं. पाऊण तास नाश्त्याला जाऊन येणं चालत नाही. आपल्याकडे रांगेत चप्पल किंवा पिशवी ठेवून नंबर धरतात, तसं इथे करायला जाऊ नका. पिशवी कोणी बेवारस समजेल आणि पोलीस येतील. मागून येऊन चौघांनी एकाला चिकटणं तर अजिबात नको. पहाटेपासून उभ्या असलेल्या लोकांशी वाद होतो, आणि तो व्हायलाच हवा.

स्वच्छतागृहाची सोय आधी हेरून ठेवा. ब्रायंट पार्कमधलं सार्वजनिक स्वच्छतागृह शहरातल्या उत्तम स्वच्छतागृहांत गणलं जातं, ते ४२ व्या रस्त्यावर, पाचव्या आणि सहाव्या ॲव्हेन्यूच्या मधोमध आहे. पेन स्टेशन आणि पोर्ट ऑथॉरिटीतही सोय आहे. ज्येष्ठांना सकाळच्या रांगेत आणूच नये असं माझं ठाम मत आहे. त्यांचं नाव किंवा सही लागत नाही. त्यांना घरी झोपू द्या आणि दुपारच्या गाडीने आणा.

टप्पा ५: खिडकीवर

तुमचा नंबर लागला की तुमच्याकडे जेमतेम दोन मिनिटं असतात. वाक्य तयार ठेवा: "टू रश टिकेट्स फॉर टुनाइट, प्लीज." 'टुनाइट' की 'मॅटिने' (दुपारचा प्रयोग) हे स्पष्ट म्हणा. बुधवारी आणि शनिवारी दोन्ही प्रयोग असतात, आणि चुकीच्या प्रयोगाचं तिकीट परत घेत नाहीत.

आपल्याकडे नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅन पाहून "इथली दोन द्या" म्हणता येतं. रशमध्ये तसं चालत नाही, ते देतील ती जागा. पण तीन गोष्टी विचारायच्याच. दोन्ही जागा शेजारी-शेजारी आहेत का? 'पार्शल व्ह्यू' आहे का, म्हणजे रंगमंचाचा काही भाग दिसत नाही असं आहे का? आणि जागा कुठल्या मजल्यावर आहे, तिथे लिफ्ट आहे का? ही थिएटरं जुनी आहेत. बाल्कनीच्या पायऱ्या उभ्या आणि अरुंद असतात. वडिलांना गुडघ्याचा त्रास असेल तर वरच्या जागेपेक्षा तळमजल्यावरची कडेची जागा घ्या, थोडं कमी दिसलं तरी.

पार्शल व्ह्यू म्हटल्यावर लगेच नाही म्हणू नका. रशमध्ये बऱ्याचदा अगदी पहिली रांग किंवा कडेचे बॉक्स येतात. पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं आणि नर्तकांचे पाय कधी दिसत नाहीत, पण गाणाऱ्याचा श्वास ऐकू येतो. मला ती जागा मनापासून आवडते.

सावधान: रश संपलं असं सांगितलं तर तोंड पाडून बाहेर पडू नका. तिथेच, त्याच खिडकीवर आणखी दोन प्रश्न विचारा. "एनी स्टँडिंग रूम टुडे?" आणि "हॅव एनी हाउस सीट्स बीन रिलीज्ड?" हाउस सीट्स म्हणजे निर्माते, कलाकार आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या उत्तम जागा. त्या कोणी घेतल्या नाहीत तर प्रयोगाच्या एक-दोन दिवस आधीपासून खिडकीवर मोकळ्या होतात. पूर्ण किंमत पडते, पण ऑनलाइनचं वरचं शुल्क वाचतं आणि रांग लागत नाही. हे फक्त विचारणाऱ्याला मिळतं.

टप्पा ६: दुपारी लाल पायऱ्यांखाली

सकाळी जमलं नाही तर मध्ये जेवून घ्या, पाय सैल करा आणि मग टीकेटीएसला जा. इथली मोठी चूक वेळेची असते. सकाळी अकराच्या सुमारास खिडक्या उघडतात त्या दुपारच्या प्रयोगांसाठी. संध्याकाळच्या प्रयोगांची विक्री दुपारी तीनच्या सुमारास सुरू होते. वारानुसार वेळ बदलते, ती आदल्या दिवशी बघून ठेवा. सकाळी अकराला संध्याकाळच्या तिकिटासाठी उभे राहिलेले लोक दर शनिवारी दिसतात.

रांगेत शिरण्याआधी समोरचे फलक वाचा. नाटकाचं नाव, सवलतीचा टक्का आणि दर त्यावर दिसतात. हीच यादी टीकेटीएसच्या ॲपमध्ये घरबसल्या दिसते. नाटक फलकावर नसेल तर ते इथे नाही, एवढंच. म्युझिकलऐवजी गद्य नाटक चालणार असेल तर त्याची खिडकी वेगळी असते आणि तिथे रांग फारच लहान असते.

सुरुवातीची तासाभराची गर्दी टाळता आली तर टाळा. नाट्यसंस्था दिवसभर थोडी थोडी तिकिटं सोडत असतात, त्यामुळे सहाच्या पुढे गेलात तर रांग लहान असते आणि कधीकधी जागाही आधीपेक्षा चांगल्या. नाटक कुठलंही चालेल अशा माणसाने याच वेळी जावं. एकच नाटक डोक्यात असेल तर मात्र तीनलाच उभं राहा.

सावधान: या चौकात रांगेत उभ्या असलेल्यांना गाठून तिकिटं विकणारे बरेच फिरतात. काही जण कॉमेडी क्लबची तिकिटं ब्रॉडवेचीच असल्यासारखी खपवतात, काही जण फोनवरचं चित्र दाखवून "दोन उरलीत" म्हणतात. फोनवरचा तोच कोड किती जणांना विकला आहे हे तुम्हाला दारात कळेल. खिडकी सोडून कुठेही पैसे देऊ नका. बाहुल्यांचे वेश घालून फोटो काढू देणारेही नंतर पैसे मागतात, हे आई-बाबांना आधीच सांगून ठेवा.

टप्पा ७: संध्याकाळची कॅन्सलेशन रांग

सगळ्यात कमी समजलेली रांग हीच. सकाळच्या रशसारखं इथे ठरलेल्या वेळी खिडकी उघडून तिकिटं वाटत नाहीत. एखादं परत आलं, एखादं राखलेलं सुटलं की ते रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारतात. तासभर काहीच हलत नाही आणि पडदा वर जायच्या आधीच्या अर्ध्या-पाऊण तासात एकदम पाच-सहा जण आत जातात. लोक नेमके त्याआधी कंटाळून निघून जातात.

म्हणून क्रम असा ठेवा. दुपारी खिडकीवर विचारा: आज कॅन्सलेशन लाइन आहे का, कुठे लागते, कधीपासून? काही थिएटरं अशी रांग लावूच देत नाहीत. असेल तर सातच्या प्रयोगासाठी चार-साडेचारला या. मधल्या वेळात काही खाऊन, स्वच्छतागृहात जाऊन या. साडेसहानंतर जागा सोडायची नाही.

दोन गोष्टी आपसांत आधी ठरवा. एक, जास्तीत जास्त किती देणार. खिडकीवरच्या माणसाने तीनशे डॉलर म्हटल्यावर नवरा-बायकोने एकमेकांकडे बघत राहिलं तर तिकीट मागच्याला जातं. दोन, एकेकटं बसणार का. सुटणारी तिकिटं बऱ्याचदा सुटी असतात. वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसायची तयारी असेल तर मिळण्याची शक्यता खूपच वाढते. नाटक चालू असताना तसंही कोण कोणाशी बोलतं? पण आईला परक्या देशात एकटीला बसायची धास्ती वाटत असेल, तर ते तिला आधी विचारा, खिडकीपुढे नको.

ज्यांच्यासाठी तिकीट हवं ती सगळी माणसं रांगेपाशी हवीत. "ते कॉफी घेऊन येतायत" ही सबब चालत नाही.

ही रांग कधी फळते? बर्फवृष्टीच्या दिवशी, कारण उपनगरातले लोक येत नाहीत. मोठ्या कलाकाराच्या नावावर नाटक विकलं जात असेल आणि तो त्या दिवशी काम करणार नसेल, तर काही प्रेक्षक पैसे परत घेतात. तुम्हाला नाटक बघायचं असेल, कलाकार नव्हे, तर असा दिवस सोडू नका. बदली कलाकार जीव ओतून काम करतात.

टप्पा ८: तिकीट हातात आल्यावर

तारीख, वेळ आणि थिएटरचं नाव खिडकीसमोरच वाचून घ्या. पडद्याच्या अर्धा तास आधी दाराशी या. उशीर झाला तर पहिल्या योग्य विरामापर्यंत बाहेर थांबवतात. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत घेतीलच असं नाही. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाबाहेर मध्यंतरात जी रांग लागते, ती दिवसभरातली सगळ्यात कठीण रांग असते. आत शिरल्याशिरल्या जाऊन या.

भाषेसाठी एक सोय बऱ्याच जणांना माहीतच नसते. 'गॅलाप्रो' नावाच्या ॲपवर ब्रॉडवेच्या अनेक नाटकांचे संवाद आणि गाण्यांचे शब्द नाटकाच्या गतीने फोनवर उमटतात. फोनचा पडदा काळा असतो, शेजाऱ्याला त्रास होत नाही. अमेरिकन उच्चारातलं भरभर गाणं पालकांच्या कानाला पकडता येत नाही, आणि नाटकभर ते नुसते रंग बघत बसतात. ॲप घरूनच उतरवून घ्या, वापरायचं कसं ते दाखवून ठेवा. आमच्या आईला पहिल्या नाटकात काही कळलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तिने मध्यंतरात मला गोष्ट समजावून सांगितली.

संध्याकाळचा प्रयोग सुटायला साडेनऊ-दहा होतात, आठचा असेल तर साडेदहाही. रात्री न्यू जर्सीच्या गाड्यांमधलं अंतर वाढतं. पुढच्या दोन गाड्यांच्या वेळा आधीच लिहून ठेवा आणि ज्येष्ठांना पळवत नेण्यापेक्षा दुसरीच धरा.

तिकीट टीकेटीएसचं असेल तर नाटक संपल्यावर ते फेकू नका. खरेदीपासून सात दिवसांत ते घेऊन पुन्हा टाइम्स स्क्वेअरच्या खिडकीवर गेलात, तर मोठ्या रांगेत उभं न राहता पुढचं तिकीट काढता येतं. कुठल्या खिडकीवर जायचं ते तिथल्या माणसाला विचारा.